शेजाऱ्याला विकताना

परक्याला वस्तू विकणे सोपे असते. जाफर गेटच्या रविवारच्या बाजारात विक्रीला बसलेला माणूस आणि त्याचा माल उलटसुलट करून पाहणारे गिऱ्हाईक ह्या दोघांना एकमेकांचे नावही ठाऊक नसते. दोघेही मनात थोडा संशय धरूनच बोलायला सुरुवात करतात; घासाघीस होते, सौदा जमतो किंवा मोडतो, आणि संध्याकाळी पाल उतरले की तो संबंधही संपतो. ह्या संशयात एक प्रकारचा प्रामाणिकपणा असतो. फसलो तर दोष आपल्याच डोळ्यांचा, हे घेणाऱ्याने आधीच मान्य केलेले असते. कुंपणाच्या भिंतीवरून शेजाऱ्याला वस्तू विकणे मात्र ह्याहून निराळे. तेथे संशय दाखवता येत नाही, भाव करताना जीभ अडखळते, आणि सौदा पुरा झाल्यावरही विकलेली वस्तू रोज सकाळी दोघांच्याही डोळ्यांसमोर येत राहते.

ज्याचे तोंड रोज पाहायचे त्याच्याशी पैशाचा व्यवहार करू नये, असे आपले वडीलधारे सांगत आले आहेत. हा उपदेश शहाणपणाचा असेल. पण तो प्रश्न सोडवीत नाही, टाळतो. बदली झालेला नोकरदार, घर आवरून मुलाकडे राहावयास निघालेले वृद्ध जोडपे, बंगली विकून सदनिकेत जाणारे कुटुंब, ह्यांना आपल्या वस्तू कोणाला तरी द्याव्याच लागतात, आणि सर्वांत जवळचा ‘कोणीतरी’ हा शेजारीच असतो. तेव्हा शेजाऱ्याला विकावे की नाही, ह्यापेक्षा विकताना त्याला काय सांगावे आणि त्याच्याकडून किती घ्यावे, हा खरा प्रश्न आहे.

नुसत्या तत्त्वाच्या पातळीवर मांडला तर हा प्रश्न फार लवकर सुटतो. खरे बोलावे, रास्त भाव घ्यावा, एवढे म्हटले की झाले. म्हणून आम्ही तो एका वस्तूला बांधून घेणार आहोत. वस्तू अगदी साधी आहे : हिरवळ कापण्याचे, हाताने ढकलायचे यंत्र. खरेदी करून दोन-अडीच वर्षे झालेले, मोजून वीसेक वेळा चाललेले, रंगही न उडालेले. ह्या यंत्राला मोटार नसते, पेट्रोल लागत नाही. दोन चाकांच्या मध्ये एक आडवा रूळ असतो आणि त्यावर पाच-सहा पाती किंचित पीळ देऊन बसविलेली असतात. यंत्र पुढे ढकलले की चाकांतील दात्यांमुळे रूळ वेगाने फिरतो, आणि त्याची पाती खालच्या एका स्थिर पात्याशी कात्रीसारखी जुळून गवत कापीत जातात. १८३० साली इंग्लंडमधील ग्लॉस्टरशर परगण्यात एडविन बडिंग नावाच्या कारागिराने ह्याचे पेटंट घेतले. लोकरी कापडावरची लव कातरणारे यंत्र त्याने गिरणीत पाहिले होते; कापडाची लव कातरता येते तर जमिनीची का नाही, एवढीच त्याची कल्पना.

ह्या यंत्राची सारी करामत वरच्या फिरत्या आणि खालच्या स्थिर पात्यांमधील अंतरात आहे. त्यांच्यामध्ये कागदाचा कपटा धरून रूळ हाताने फिरवावा. कागद स्वच्छ कापला गेला तर यंत्र ठीक, आणि नुसता चुरगळला तर पाते बोथट झाले आहे किंवा अंतर बिघडले आहे असे समजावे. गवतात एखादा खडा आला तर पात्याचा टवका उडतो, आणि तो टवका रंगाच्या चकाकीत सहसा दिसत नाही. वाचकांना ही यंत्रविद्या कंटाळवाणी वाटली तर त्यांनी क्षमा करावी. पण पुढचा बराचसा नैतिक प्रश्न ह्या न दिसणाऱ्या टवक्याभोवतीच फिरणार आहे.

असे यंत्र आमच्या शहरात ‘फारसे न वापरलेले’ का राहते, हे बाहेरगावच्या वाचकांना सांगितले पाहिजे. छत्रपती संभाजीनगर, म्हणजे २०२३ पर्यंतचे औरंगाबाद, हे पर्जन्यछायेतील शहर. वर्षाचा पाऊस सरासरी ७०० मिलिमीटरच्या आसपास, आणि तोही बहुतांशी चार महिन्यांत. मलिक अंबरने १६१० साली खडकी वसविली तेव्हा त्यालाही पाण्याचीच चिंता पडली, आणि त्याने जमिनीखालून नहर आणली. १९७६ साली पैठणच्या जायकवाडी धरणाचे लोकार्पण झाले आणि पुढे शहराची तहान सुमारे पन्नास किलोमीटरवरच्या नाथसागराशी बांधली गेली. १९७० च्या दशकातच सिडकोने एन-१, एन-२ अशा नावांच्या वसाहती आखावयास घेतल्या. १९८५ साली वाळूजला बजाज ऑटोचा कारखाना सुरू झाला. नोकरदार वर्ग वाढला, आणि घरापुढे दहा-पंधरा फुटांची का होईना, हिरवळ असावी ही हौस त्याच्याबरोबर आली. पाणी मात्र हौशीच्या मागे राहिले. कित्येक वर्षे ह्या शहरातील नळांना मध्ये अनेक दिवसांचा खाडा घालून पाणी येत राहिले आहे. पावसाळ्यात हरळी अशी फोफावते की आठवड्याला कापावी लागते. मार्च उजाडला की तीच पिवळी पडते आणि मे महिन्यात तिच्या जागी नुसती माती उरते. २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून लातूरला आगगाडीने पाणी न्यावे लागले होते. त्याच महिन्यात मुंबई उच्च न्यायालयाने आय.पी.एल. क्रिकेट स्पर्धेतील ३० एप्रिलनंतरचे सामने महाराष्ट्राबाहेर हलविण्यास सांगितले. मैदानाच्या गवतावर पाणी ओतावे की नाही, हा तेव्हा सार्वजनिक नीतीचा प्रश्न झाला होता. अशा मुलखात हिरवळीचे यंत्र अडगळीत पडते ते यंत्राच्या दोषाने नव्हे, पाण्याच्या अभावाने.

आता समजा, अशा यंत्राच्या मालकाची पुण्याला बदली झाली. शेजारच्या घरात नवे कुटुंब आले आहे. गृहस्थ वसईच्या वाडीत वाढलेले. विहीर कोरडी पडते ही कल्पनाच त्यांना नवी. जुलै महिना आहे, त्यांनी नुकतीच अंगणात हिरवळ लावली आहे, आणि कुंपणापलीकडचे यंत्र त्यांच्या नजरेत भरले आहे. विकणाऱ्याला तीन गोष्टी ठाऊक आहेत. मुठीचे रबर फाटले आहे, हे कोणालाही दिसेल. एका पात्याचा टवका उडाला आहे, हे दाखवल्याखेरीज दिसणार नाही. आणि ही हिरवळ फार तर आठ महिने टिकेल, हे तर यंत्रात कुठेच लिहिलेले नाही. ते फक्त इथे दोन उन्हाळे काढलेल्या माणसाला कळते.

कायदा ह्याबाबत काय म्हणतो? मालाच्या विक्रीसंबंधीचा १९३० चा कायदा सर्वसाधारणपणे घेणाऱ्याने सावध राहावे हेच तत्त्व धरून चालतो. त्या मालाचा धंदा करणाऱ्या विक्रेत्यावर तो काही हमी लादतो; अंगणातील एखादी वस्तू एकदाच विकणाऱ्या गृहस्थावर फारशी नाही. परंतु त्याहून जुन्या, १८७२ च्या भारतीय करार कायद्यात, कपटाची व्याख्या करणाऱ्या सतराव्या कलमाखाली काही दाखले दिले आहेत, ते आम्हांला फार उद्बोधक वाटतात. एक मनुष्य लिलावात घोडा विकतो. घोड्यात खोट आहे हे त्याला ठाऊक आहे, पण तो काहीच बोलत नाही. कायदा म्हणतो, हे कपट नव्हे. दुसरा दाखला तोच, फक्त घोडा घेणारी व्यक्ती ही विकणाऱ्याची नुकतीच सज्ञान झालेली मुलगी आहे. आता मात्र खोट सांगणे हे बापाचे कर्तव्य ठरते, कारण दोघांतील नाते. आणि तिसऱ्या दाखल्यात घेणारा म्हणतो की, तुम्ही नाही म्हणाला नाहीत तर घोडा निरोगी आहे असे मी धरून चालेन. त्यावर विकणारा गप्प राहतो. येथे त्याचे गप्प राहणे हे बोलण्यासारखेच मानले जाते. हे दाखले ज्याने लिहिले त्याने घोड्यांचा बाजारही पाहिला असावा आणि घरही.

आमचा प्रश्न असा की, शेजारी कोणत्या बाजूला बसवायचा? लिलावातल्या अनोळखी माणसाच्या की घरच्या मुलीच्या? रक्ताचे नाते नाही हे खरे. पण आपल्या घराची दुसरी किल्ली त्याच्याकडे असते. आपल्याला यावयास उशीर झाला तर आपले पोर त्याच्या घरी बसून अभ्यास करते. रात्री-अपरात्री कोणाला दवाखान्यात न्यावयाचे झाले तर पुण्यामुंबईचा सख्खा भाऊ येण्याआधी तोच गाडी काढतो. लिलावातला माणूस हा नव्हेच. आणि तिसरा दाखला तर जणू आपल्याच गल्लीत घडलेला आहे. यंत्र पाहावयास आलेला शेजारी ते उलटे करून पाहत नाही. तो म्हणतो, ‘‘तुमच्या घरची वस्तू म्हटल्यावर त्यात तपासायचं काय!’’ हे वाक्य आपण सर्वांनी ऐकले आहे आणि उच्चारलेही आहे. ऐकावयास ते शिष्टाचाराचे. पण त्याचा अर्थ नेमका तोच आहे : तुम्ही काही सांगितले नाही तर मी वस्तू निर्दोष धरतो. त्यानंतर विकणारा जर नुसता हसून गप्प राहिला, तर त्याने ‘होय, निर्दोष आहे’ असे म्हटल्यासारखेच झाले. खोटे बोलावयास तोंड उघडावेच लागते असे नाही.

तेराव्या शतकात संत थॉमस अक्विनास ह्यांनी आपल्या ‘सुम्मा थिओलॉजिए’ ह्या ग्रंथात खरेदी-विक्रीतील फसवणुकीसाठी एक अख्खा प्रश्न खर्ची घातला आहे. दुसऱ्या भागाच्या उत्तरार्धातील तो ७७ वा. त्यांचा विचार व्यापारी माणसालाही पटावा इतका समतोल आहे. घोडा एका डोळ्याने आंधळा असेल तर ते सर्वांना दिसते. किंमत त्या मानाने कमी घेतली असेल तर विकणाऱ्याने ती उणीव मुद्दाम बोलून दाखवलीच पाहिजे असे नाही. पण जी उणीव लपलेली आहे आणि जिच्यामुळे घेणाऱ्याला धोका किंवा तोटा होईल, ती सांगणे बंधनकारक आहे. आमच्या यंत्राला हे लावून पाहावे. मुठीचे फाटके रबर हा आंधळा डोळा. दिसतो आहे, भावात धरला की पुरे. पात्याचा टवका ही लपलेली उणीव. तो घासून काढावयास धार लावणाऱ्याकडे जावे लागेल, कदाचित पातेच बदलावे लागेल, आणि यंत्र न जुळता तसेच रेटीत राहिले तर गवत कापले जाण्याऐवजी ओरबाडले जाईल. तो सांगितलाच पाहिजे. येथपर्यंत मतभेद होण्यासारखे काही नाही.

कठीण आहे ती तिसरी गोष्ट. हिरवळ टिकणार नाही, हे सांगावयाचे काय? हा यंत्राचा दोष नाही. हे जगाविषयीचे ज्ञान आहे, आणि ते विकणाऱ्याने दोन उन्हाळे होरपळून मिळविलेले आहे. ह्या प्रश्नावर फार जुन्या काळी विद्वानांत जुंपली होती. रोमन विचारवंत सिसेरो ह्याने कर्तव्यांविषयीच्या आपल्या ग्रंथात, इसवी सनापूर्वी ४४ साली, तिची हकीगत दिली आहे. ऱ्होड्स बेटावर दुष्काळ पडला असता एक व्यापारी अलेक्झांड्रियाहून धान्याचे गलबत घेऊन पोहोचतो. त्याच्या मागून आणखी गलबते येत आहेत, हे त्याने समुद्रात पाहिले आहे. ऱ्होड्सच्या लोकांना ते ठाऊक नाही. त्याने ते सांगावे काय? बॅबिलोनचा डायोजेनिस म्हणतो, कायद्याने सांगावयास लावलेल्या उणिवा सांगाव्यात, बाकी आपला माल चांगल्या भावाने विकावा. त्याचा शिष्य अँटिपेटर म्हणतो, विकणाऱ्याला ठाऊक असलेले सारे घेणाऱ्याला कळले पाहिजे. सिसेरो शिष्याच्या बाजूने कौल देतो. गंमत अशी की संत थॉमस येथे अधिक सैल आहेत. पुढे भाव उतरणार हे न सांगता आजच्या भावाने विकणारा अन्याय करीत नाही, असे ते म्हणतात. मात्र त्याने ते सांगितले किंवा भाव उतरवला तर ते अधिक सद्‍गुणाचे होईल, अशी पुस्ती ते जोडतात.

आमचे मत असे की संत थॉमसांचा निर्णय बाजारासाठी पुरेसा आहे, कुंपणाच्या भिंतीसाठी नाही. ऱ्होड्सच्या बाजारात प्रत्येकजण विचारू शकत होता, थांबू शकत होता, दुसऱ्या व्यापाऱ्याकडे जाऊ शकत होता. शेजाऱ्याला ह्यातले काहीच मोकळेपणाने करता येत नाही. त्याच्या आड एक गोष्ट येते, जिला आपल्या भाषेत ‘भीड’ असा नेमका शब्द आहे. भीड ही भीती नव्हे आणि आदरही नव्हे. समोरच्याला दुखवू नये म्हणून स्वतःचे नुकसान मुकाट्याने सोसण्याची ती तयारी आहे. जुने कपडे घेऊन त्यावर भांडे देणारी बोहारीण दारात बसली की आपल्या घरातल्या बायका एका वाटीसाठी अर्धा तास हुज्जत घालतात आणि बोहारीणही प्रत्येक शिवण ताणून पाहते. दोघींनाही त्यात काही वावगे वाटत नाही. त्याच बाई शेजारणीने विकावयास काढलेला कुलर पाहावयास गेल्या, तर पंखा सुरू करून पाहू का, एवढे विचारावयास त्यांना संकोच वाटतो. भीड भिकेची बहीण, असे आपल्याकडे म्हणतात ते उगाच नव्हे.

आणि म्हणून, आमच्या समजुतीप्रमाणे, जो प्रश्न शेजारी भिडेमुळे विचारू शकत नाही तो त्याच्या वतीने विकणाऱ्यानेच स्वतःला विचारावयास हवा आणि त्याचे उत्तर मोठ्याने द्यावयास हवे. बाजारात गिऱ्हाइकाची जीभ गिऱ्हाइकाचे रक्षण करते. येथे ती जीभ आपल्या शेजारधर्मानेच बांधून टाकलेली आहे. मग तिचे काम आपण करावयाचे नाही तर कोणी? ‘‘हे बघा, इथे उन्हाळ्यात हिरवळ जगवणं कठीण. आमची दोन वेळा गेली. बोअरला एप्रिलनंतर पाणी नसतं. तरीही पावसाळ्याच्या चार महिन्यांसाठी यंत्र हवं असेल तर घ्या,’’ एवढे बोलावयास एक मिनिट पुरते.

एका गृहस्थांनी ह्यावर आम्हांला सरळच विचारले होते, ‘‘फादर, एवढं सगळं सांगत बसलो तर घेईल कोण?’’ प्रश्न चुकीचा नाही. कित्येकांच्या मनात तो असतो, ते बोलत नाहीत इतकेच. पण त्याचा अर्थ उकलून पाहावा. सगळे कळल्यावर जो घेणार नाही, त्याला न सांगता दिले, तर त्याने मोजलेल्या पैशांत यंत्राची किंमत किती आणि त्याच्या अज्ञानाची किती? शिवाय अनुभव असा की सांगितल्यावर माणसे पळून जात नाहीत. वसईच्या त्या गृहस्थांना कदाचित वाटेल, चार महिने तर चार महिने. किंवा ते हिरवळीचा निम्मा भाग काढून तेथे शेवंती लावतील आणि यंत्राला कमी किंमत देतील. निर्णय त्यांचा राहील.

आता किंमत. ह्या बाबतीत जुन्या करारातील लेवीय पुस्तकाचा पंचविसावा अध्याय वाचताना आम्हांला नेहमी आश्चर्य वाटते. योबेल वर्षाला जमीन मूळ कुटुंबाकडे परत जावयाची, ही तेथील व्यवस्था; म्हणून जमीन विकताना पुढच्या योबेलपर्यंत किती वर्षे उरली आहेत ते मोजावे, वर्षे अधिक तर किंमत अधिक, कमी तर कमी, कारण खरोखर विकली जातात ती तेवढी पिके, असे तेथे सांगितले आहे. आणि ह्या हिशेबाच्या दोन्ही अंगांना, खरेदी असो वा विक्री, एकमेकांना नाडू नका अशी आज्ञा आहे. वापरलेल्या वस्तूच्या भावाचे ह्याहून सोपे गणित आम्हांला ठाऊक नाही. आपण काय मोजले होते हे पाहावयाचे नाही. दुकानात आज नव्याला काय पडते हेही एका मर्यादेपर्यंतच. पाहावयाचे ते हे की ह्या यंत्रात अजून किती कापण्या शिल्लक आहेत. पाते बदलण्याचा खर्च त्यातून वजा करावा. आणि संत थॉमसांचा एक इशारा येथे जोडून घ्यावा : एखाद्याला वस्तूची विशेष निकड आहे म्हणून अधिक किंमत लावू नये, कारण ती निकड त्याची आहे, आपली नाही, आणि जे आपले नाही ते विकता येत नाही. मात्र वस्तू दिल्याने आपले खरोखर नुकसान होत असेल तर तेवढे धरता येते. जुलैत हिरवळ माजली आहे आणि शेजारी घायकुतीला आला आहे, हा आपला माल नव्हे.

मग फुकटच का देऊ नये? हा प्रश्न सुशील मनाला हटकून पडतो. खेड्यांत शेतातला पहिला हरभरा, हुरड्याची कणसे, चार भाज्या शेजारी पाठवितात. त्याला वानवळा म्हणतात, आणि वानवळ्याचे पैसे कोणी घेत नाही. पण वानवळा उलट येतो, हे त्याचे रहस्य आहे. आज आमचा हरभरा, उद्या तुमची बोरे. बदली होऊन चाललेल्या माणसाने हजारोंची वस्तू फुकट दिली तर घेणाऱ्याला फेडण्याची वाटच उरत नाही; तो मिंधा होतो. उत्पत्तीच्या तेविसाव्या अध्यायात सारेला पुरण्यासाठी अब्राहाम मकपेलाची गुहा मागतो तेव्हा एफ्रोन ती फुकट देऊ करतो. अब्राहाम ते स्वीकारत नाही; सर्वांसमक्ष चारशे शेकेल रुपे तोलून देतो. त्याला त्या परमुलखात कोणाचे मिंधेपण नको होते. नव्या गावी आलेल्या माणसाची हीच भावना असते, आणि किंमत घेणे हा कधी कधी त्याचा मान राखण्याचा भाग असतो. ज्याची ऐपतच नाही त्याची गोष्ट वेगळी. पण तेथेही एक पथ्य आहे. कामाला येणाऱ्या बाईला बंद पडलेला मिक्सर ‘दान’ करून आपण औदार्याचे समाधान मिळवितो आणि तो दुरुस्त करण्याचा किंवा भंगारात नेऊन टाकण्याचा त्रास तिच्या माथी मारतो. टवका उडालेले पाते फुकट देतानाही सांगूनच द्यावयाचे असते.

घेणाऱ्यालाही आपण सोडून देऊ नये. नीतिसूत्रांच्या लेखकाने त्याला अचूक पकडला आहे : सौदा होईपर्यंत तो वस्तूला नावे ठेवतो आणि घरी जाताना स्वस्तात मिळाल्याची फुशारकी मारतो. बेन सिराखाला तर खरेदी आणि विक्री ह्यांच्यामध्ये पाप हे दोन दगडांत ठोकलेल्या खुंटीसारखे घट्ट बसलेले दिसले. म्हणजे दाब दोन्ही बाजूंचा आहे. घरमालक गेल्यावर त्याची वृद्ध पत्नी सामान आवरते आहे, तिला यंत्राची किंमत कळत नाही आणि भंगारवाल्याच्या भावाने ती देऊ पाहते आहे. अशा वेळी शेजाऱ्याने काय करावे? संत ऑगस्टीन ह्यांनी पवित्र त्रैक्याविषयीच्या ग्रंथात आपल्या माहितीतल्या एका माणसाचा उल्लेख केला आहे. त्याला एक हस्तलिखित विकत मिळत होते, विकणाऱ्याला त्याचे मोल ठाऊक नव्हते. त्या माणसाने मागितल्यापेक्षा पुष्कळ अधिक अशी योग्य किंमत स्वतःहून दिली. स्वस्तात घेण्याची इच्छा सर्वांनाच असते असे म्हणणाऱ्यांना ऑगस्टीन ह्यांनी दिलेले हे उत्तर होते. सर्वांना असेलही; पण ती असलीच पाहिजे असे नाही.

सौद्याची रीत कशी असावी ह्याविषयी थोडे. आपल्या मुलाला चिठ्ठी घेऊन पाठवू नये. मुलाला ‘नको’ म्हणणे शेजाऱ्याला आणखी कठीण जाते. किंमत आधी आपणच सांगावी आणि ती घासाघीस करावी लागणार नाही अशी असावी. शक्य तर दोन्ही घरी येणाऱ्या माळ्याला विचारून ठरवावी. त्याची कोणालाच भीड नसते. यंत्र पंधरा दिवस त्यांच्या अंगणात चालू द्यावे आणि पैसे नंतर घ्यावेत. कागदाचा कपटा त्यांच्यासमोर धरून दाखवावा. एवढे करूनही तीन आठवड्यांनी दाते झिजले तर? विकताना जे आपल्याला ठाऊक नव्हते त्याची न्यायाने भरपाई लागत नाही, असे आम्ही कोणालाही सांगू. परंतु दुरुस्तीचा अर्धा खर्च देऊ करणे हे शेजारधर्माला शोभणारे आहे, आणि शेजाऱ्याने तो नाकारणे हेही. अशा नकारांवर कित्येक गल्ल्या उभ्या आहेत.

एक शंका मात्र मनातून जात नाही. बारा घरांच्या ओळीत बारा यंत्रे कशासाठी? आठवड्यात अर्धा तास चालणारी ही वस्तू उरलेला सगळा काळ उभी असते. शेतकरी एकमेकांच्या शेतावर सावड करीत आले. नांगरणीला इर्जिक घालीत आले. ज्याच्याकडे एकच बैल तो दुसऱ्याच्या बैलाशी जोडी लावीत असे. वसाहतीत आलेल्या त्यांच्या मुला-नातवंडांना एक यंत्र पाच घरांत चालविणे का जमू नये? मालक पुण्याला निघाला असेल तर त्याने ते एकाला न विकता पाच जणांना मिळून विकावे. पैसे तेवढेच मिळतील, कोणाच्याही खिशाला जड जाणार नाही, आणि टवक्याची हकीगत एकाऐवजी पाच जण ऐकतील. मग अडचणी उरतात त्या निराळ्या : यंत्र कोणाच्या पोर्चमध्ये ठेवायचे, तेल कोणी द्यायचे, पात्याला धार लावून कोणी आणायची, आणि पहिल्या पावसानंतर पाचही घरांना ते एकाच रविवारी, मिस्सा आटोपल्याबरोबर हवे झाले तर पहिला नंबर कोणाचा.